कालाकोटचे दगड आणि देवमाशाचा कान: एका मधल्या दुव्याचं प्रकरण

देवमासा जमिनीवरच्या चार पायांच्या प्राण्यापासून आला, हे बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेलं असतं. पण नेमका कुठल्या प्राण्यापासून, हा प्रश्न २००७ सालापर्यंत लोंबकळत होता. आणि त्याच्या उत्तराचा मोठा भाग डेहराडूनमधल्या एका घरात, न फोडलेल्या दगडांच्या ढिगात, कित्येक वर्षं पडून होता. त्या ढिगातून इंडोहायस नावाचा प्राणी पुन्हा कसा बाहेर आला, त्याआधी कोणकोणते पर्याय चर्चेत होते आणि कुठल्या टप्प्यावर कोणी काय ठरवलं, ते इथे मांडतो आहे. शास्त्रज्ञांची नावं त्यांच्या प्रसिद्ध झालेल्या कामामुळे दिली आहेत. कुटुंबीय आणि प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ यांची नावं मुद्दाम वगळली आहेत.

पार्श्वभूमी

देवमाशाच्या पूर्वजाचा प्रश्न डार्विनलाही सुटला नव्हता. १८५९च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या पुस्तकात त्यानं तोंड उघडं ठेवून पोहत पाण्यातले किडे पकडणाऱ्या काळ्या अस्वलाचं उदाहरण दिलं, आणि अशा प्राण्यापासून देवमाशासारखं काही घडणं अशक्य नाही असं सुचवलं. त्यावर इतकी टीका झाली की पुढच्या आवृत्त्यांत त्यानं तो भाग छाटून टाकला. त्याच्याही आधी, १८३४ साली, अमेरिकेत सापडलेल्या एका अवाढव्य पाठीच्या कण्याला रिचर्ड हार्लननं सरपटणारा प्राणी समजून बॅसिलोसॉरस हे नाव दिलं होतं. दातांना दोन मुळं आहेत हे पाहून रिचर्ड ओवेननं तो सस्तन प्राणी असल्याचं दाखवलं, पण नाव तेच राहिलं. याच बॅसिलोसॉरसचे, म्हणजे एका प्राचीन देवमाशाचे, मागचे पाय १९९० मध्ये इजिप्तच्या वाळवंटातून जगासमोर आले. अंग पंधरा मीटरहून लांब आणि पाय अगदी इवले. तरीही त्यांत गुडघा, घोटा आणि बोटं शाबूत होती.

सर्वांत जुने देवमासे मात्र आपल्या भागातले. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी, इओसीन काळात, भारताचा तुकडा आशियाला येऊन भिडत होता आणि मधला टेथिस समुद्र आटत चालला होता. त्या उथळ समुद्राच्या काठाचे खडक आज पाकिस्तानात, जम्मूच्या डोंगरांत आणि कच्छमध्ये उघडे पडलेले दिसतात. जीवाश्मांचे अभ्यासक फिलिप गिंगरिच आणि डोनाल्ड रसेल यांनी १९८१ मध्ये पाकिस्तानातल्या एका कवटीवरून पॅकिसीटसचं वर्णन केलं. १९९४ मध्ये हान्स थेविसेन आणि त्यांच्या पाकिस्तानी सहकाऱ्यांनी काला चित्ता डोंगरातला अँब्युलोसीटस मांडला. त्याचे पाय दणकट होते, पंजे मोठे होते, तो चालतही असे आणि पोहतही असे. कच्छमध्ये अशोक साहनी आणि विजय प्रकाश मिश्रा यांनी सत्तरच्या दशकातच प्राचीन देवमाशांची नोंद केली होती. पुढे २०००मध्ये सुनील बाजपेयी आणि थेविसेन यांनी तिथलाच लहानखुरा कच्छीसीटस प्रसिद्ध केला.

म्हणजे देवमासा पाण्यात उतरल्यानंतरची साखळी बऱ्यापैकी भरत आली होती. अडलं होतं ते त्याच्या आधी. पाण्यात उतरण्यापूर्वी हा कोणाच्या घरातला होता?

अडचण कुठे होती

इथे दोन पुरावे समोरासमोर उभे होते.

पहिला पुरावा दातांचा. ली व्हॅन व्हॅलेन यांनी १९६६ मध्ये दाखवून दिलं की प्राचीन देवमाशांचे तिकोनी दात मेसोनिकिड नावाच्या, खूर असलेल्या पण मांस खाणाऱ्या, नामशेष प्राण्यांच्या दातांशी फार जुळतात. सस्तन प्राण्यांच्या जीवाश्मांत दात सर्वांत जास्त टिकतात, त्यामुळे पुराजीवशास्त्राचा बराचसा कारभार दातांवर चालतो. साहजिकच तीसेक वर्षं मेसोनिकिड हाच देवमाशाचा पूर्वज मानला गेला.

दुसरा पुरावा रक्ताचा आणि डीएनएचा. रक्तातल्या प्रथिनांच्या चाचण्यांनी १९५०मध्येच देवमाशाला समखुरी प्राण्यांच्या, म्हणजे गाय, हरीण, उंट, डुक्कर यांच्या जवळ नेऊन ठेवलं होतं. नव्वदच्या दशकात डीएनएच्या अभ्यासांनी तेच आणखी ठामपणे सांगितलं. जपानमधल्या एका गटानं जनुकसंचात अधूनमधून घुसून बसणारे छोटे तुकडे तपासले. असा तुकडा एकदा एका जागी बसला की पुढच्या पिढ्यांत तो तिथेच राहतो आणि दोन वेगळ्या वंशांत तो नेमक्या त्याच जागी स्वतंत्रपणे बसणं जवळपास अशक्य असतं. हे तुकडे देवमासा आणि पाणघोडा यांच्यात सारखे निघाले. त्या हिशोबानं जिवंत प्राण्यांत देवमाशाचा सर्वांत जवळचा नातलग पाणघोडा ठरत होता.

दोन्ही बाजूंना तज्ज्ञ होते आणि दोन्ही बाजूंचा पुरावा कच्चा नव्हता. दातवाल्यांचं म्हणणं असं की डीएनए फक्त जिवंत प्राण्यांचं सांगतो आणि मेसोनिकिडांचा डीएनए तर मिळणारच नाही. डीएनएवाल्यांचं म्हणणं असं की मांस खाणाऱ्या दोन वेगळ्या कुळांत सारखे दात दोनदा तयार होऊ शकतात.

मांडलेले पर्याय

या कोंडीतून बाहेर पडायला तीन वाटा होत्या. आणखी दात गोळा करायचे. डीएनएचा निकाल मान्य करून जीवाश्मांतून वेगळं काही मिळण्याची आशा सोडायची. किंवा दात बाजूला ठेवून सांगाड्याच्या अशा भागाकडे जायचं जिथे समखुरी प्राण्याची ओळख निर्विवाद पटते.

तिसरी वाट घोट्याकडे जाते. समखुरी प्राण्यांच्या घोट्यातलं मुख्य हाड दोन्ही टोकांना कप्पीसारखं खोबणीदार असतं. बकरी, हरीण, डुक्कर, उंट सगळ्यांत ते तसंच. इतर कुठल्याही सस्तन गटात या हाडाच्या दोन्ही टोकांना अशी खोबण नसते. म्हणून प्राचीन देवमाशाचा घोटा मिळाला तर निकाल लागणार होता, आणि हे दोन्ही पक्षांना मान्य होतं. मला या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय वाटतो. पुरावा हाती येण्याआधीच, कोणता पुरावा आला तर आपण मत बदलू, हे दोघांनी ठरवलेलं होतं.

२००१च्या सप्टेंबरमध्ये दोन निबंध एका दिवसाच्या अंतरानं प्रसिद्ध झाले. थेविसेन यांच्या गटानं पॅकिसीटस आणि त्याच्या भाऊबंदांचे सांगाडे मांडले, तर गिंगरिच यांच्या गटानं बलुचिस्तानातल्या रोडोसीटस आणि आर्टिओसीटस यांच्या कवट्यांबरोबर मिळालेले घोटे मांडले. दोन्हीकडे दुहेरी कप्पी होती. गिंगरिच तोवर मेसोनिकिडांच्या बाजूचे होते. घोट्याचं हाड पाहिल्यावर त्यांनी आपलं आधीचं मत जाहीरपणे सोडलं.

याच सांगाड्यांनी आणखी एक गोष्ट दुरुस्त केली. १९८३ मध्ये केवळ कवटीवरून पॅकिसीटसचं जे चित्र काढलं होतं, त्यात तो अर्धवट जलचर, पाण्यात सूर मारणारा दाखवला होता. पूर्ण अंगाची हाडं आल्यावर तो लांब पायांचा, चालणारा प्राणी निघाला. मधल्या दुव्यावर आक्षेप घेणारे अनेकदा हे जुनं चित्र दाखवून शास्त्रज्ञांनी प्राणी कल्पनेनं रचला असं म्हणतात. चित्र कल्पनेनं भरलेलं होतं हे खरं आहे. पण ते चुकल्याचं दाखवलं तेही जीवाश्मांनीच.

आता देवमासा समखुरींच्या घरातला हे नक्की झालं. पण त्या घरात कुठल्या खोलीतला? समखुरी जीवाश्मांची यादी मोठी, आणि पॅकिसीटसला चिकटून बसेल असा प्राणी तिच्यात कुणाला दिसत नव्हता.

डेहराडूनचे दगड

तेल आणि नैसर्गिक वायू आयोगात काम केलेले भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मूच्या राजौरी जिल्ह्यातल्या कालाकोट परिसरातून जीवाश्म जमवले होते. कालाकोट कोळशासाठी ओळखलं जातं, आणि कोळशाच्या थरांच्या आसपासच इओसीन काळातले सस्तन प्राणी मिळतात. १९७१ मध्ये राव यांनी तिथल्या दातांवरून आणि जबड्याच्या तुकड्यांवरून इंडोहायस या लहान समखुरी प्राण्याचं नामकरण केलं. त्याच वर्षी साहनी आणि खरे यांनी त्याच भागातल्या दुसऱ्या एका समखुरीला रावांच्या नावावरून राओएला म्हटलं. पुढे १९८१ मध्ये या सगळ्या कुळालाच राओएलिड हे नाव मिळालं.

दातांवरून पाहता इंडोहायस कोणाचं लक्ष वेधून घेईल असा नव्हता. दाढा वनस्पती चावणाऱ्या, चार उंचवट्यांच्या. देवमाशाच्या धारदार दातांशी त्यांचा काही संबंध लागत नव्हता, म्हणून देवमाशांवर काम करणारं कोणी त्याच्याकडे फिरकलंही नाही. राव यांनी कालाकोटच्या हाडांच्या थरातून आणलेले बरेच दगड न फोडताच घरी राहिले. राव वारल्यावर ते त्यांच्या पत्नीच्या ताब्यात आले.

त्या स्वतः भूविज्ञान जाणणाऱ्या होत्या आणि पतीच्या कामाची किंमत त्यांना माहीत होती. थेविसेन त्यांना डेहराडूनला जाऊन भेटले. असा संग्रह परक्या हातात देणं सोपं नसतं. माणसानं आयुष्यभर जपलेली गोष्ट कोणीतरी घेऊन जातो आणि नाव त्याचं होतं, अशी भीती रास्त असते. त्यांनी अखेर दगड अभ्यासाला दिले. जीवाश्मांची मालकी मात्र रावांच्या नावानं उभ्या केलेल्या विश्वस्त निधीकडे राहिली. माझ्या मते दुसरा मोठा निर्णय हाच, आणि तो कुठल्याही शास्त्रज्ञानं घेतलेला नाही.

दगड ओहायोला थेविसेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे एका तंत्रज्ञाचं काम होतं ते दगड खरवडून हाडं मोकळी करण्याचं. एका कवटीवर काम करताना कानाचा भाग चुकून तुटला. मधल्या कानाभोवतीच्या हाडाची वाटी असते, तिचा तुकडा निखळला आणि आतली कड उघडी पडली. सामान्य सस्तन प्राण्यात ही वाटी सगळीकडून पातळ असते. इथे आतली कड जाडजूड होती. बाहेरची कड पातळ आणि आतली गच्च, असा फरक. हाडाचा हा जाड ओठ देवमाशांची खूण म्हणून ओळखला जातो. देवमाशांच्याच गटातल्या आजच्या डॉल्फिनमध्ये आहे, पॅकिसीटसमध्येही आहे. देवमाशांबाहेर तो कोणी पाहिलेला नव्हता.

तुटलेला तुकडा पुन्हा चिकटवून काम पुढे नेता आलं असतं. जीवाश्म साफ करताना मोडतोड होतच असते आणि डिंक लावून ती जोडलीही जाते. इथे जोडण्याआधी कोणीतरी तुटलेल्या बाजूकडे नीट पाहिलं, आणि पाहणाऱ्याला देवमाशाचा कान कसा असतो हे पाठ होतं.

पुढची पावलं

एका कानावरून निष्कर्ष काढला असता तर तो टिकला नसता. त्या थरात अनेक प्राण्यांची हाडं वाहून येऊन एकत्र साचलेली होती. एका प्राण्याचा कान, दुसऱ्याचा पाय, तिसऱ्याची बरगडी अशी सरमिसळ होण्याचा धोका उघड होता. या गटानं थरातल्या दातांची तपासणी करून त्यात इंडोहायसच सर्वांत जास्त असल्याचं पाहिलं, आकारमान जुळवलं आणि मग वेगवेगळ्या इंडोहायसांच्या हाडांतून एक सांगाडा उभा केला. तो मांजराएवढा, बारीक पायांचा, हरणासारखा दिसणारा प्राणी होता. घोट्यात दुहेरी कप्पी होतीच.

मग हाडं आडवी कापून पाहिली. पायाच्या हाडांच्या भिंती जाड आणि आतली पोकळी अरुंद होती. पाण्यात चालणाऱ्या, तळाशी राहणाऱ्या प्राण्यांत अशी जड हाडं वजनासाठी उपयोगी पडतात, पाणघोड्याची तशीच असतात. दातांच्या लुकणातल्या, म्हणजे वरच्या कठीण थरातल्या, ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं (कमीजास्त वजनाच्या अणूंचं) प्रमाण मोजलं, तेही पाण्यात बराच वेळ घालवणाऱ्या प्राण्याशी जुळलं. कार्बनचं प्रमाण मात्र देवमाशांपेक्षा वेगळं आलं. म्हणजे राहणं पाण्यात, खाणं निराळं.

या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की वागणुकीचं एक चित्र तयार होतं आणि त्याला आजच्या प्राण्याचा आधार आहे. आफ्रिकेतलं जलवासी मूषकहरीण धोका दिसताच पाण्यात उडी मारून लपतं. आपल्या सह्याद्रीतल्या जंगलांत राहणारी पिसोरी त्याच कुळातली, तीही मांजरापेक्षा फार मोठी नसते. इंडोहायस असाच लपण्यासाठी पाण्यात उतरत असावा असं या गटानं सुचवलं. पाण्यातलं खाणं नंतर आलं, आणि ते आल्यावर दात बदलले. दातांच्या मागे लागलेल्यांना पूर्वज का सापडला नाही, याचंही उत्तर यात आहे. उशिरा बदललेली गोष्ट ते सर्वांत आधी शोधत होते.

डिसेंबर २००७ मध्ये थेविसेन, बाजपेयी, बी. एन. तिवारी आणि दोन सहकाऱ्यांचा निबंध ‘नेचर’मध्ये आला.

नातं काय म्हणायचं

लिहिताना एक पेच होता. कानातला जाड ओठ ही देवमाशाची खूण असेल तर इंडोहायसलाच देवमासा म्हणायचं का? की व्याख्या बदलायची? गटानं इंडोहायसला देवमाशांबाहेरच ठेवलं आणि राओएलिड हे कूळ देवमाशांचं सर्वांत जवळचं भावंड मानलं. ज्या लक्षणानं काल दोन गट वेगळे पडत होते ते आज दोघांत सामायिक निघतं, तेव्हा सीमारेषा कुठे आखायची हा माणसांच्या सोयीचा भाग उरतो. मधला प्राणी खरोखर मधला असला की हे होणारच. उत्क्रांती खरी असेल तर असेच वादग्रस्त, कुठल्याच कप्प्यात धड न बसणारे प्राणी मिळायला हवेत.

दुसरा मुद्दा वयाचा. हा थर सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा, आणि पॅकिसीटस तेवढाच किंवा किंचित जुना. मग इंडोहायस त्याचा बाप कसा? तो नाहीच. नातं चुलत घराण्याचं आहे: मूळ पणजोबा एकच, एक शाखा पाण्यात गेली, दुसरी गावातच जुन्या चालीरीती धरून राहिली, आणि त्या दुसऱ्या शाखेकडे पाहून पणजोबांच्या घराची कल्पना येते. बातम्यांत मात्र तो ‘देवमाशाचा पूर्वज’ म्हणूनच आला. निबंधात तसं म्हटलेलं नव्हतं.

निष्पत्ती

राओएलिड आणि देवमासे यांचं जवळचं नातं आज सर्वसाधारणपणे मान्य आहे. पाणघोड्याबद्दल मात्र वाद झाला. २००७च्या मांडणीत पाणघोडा मागे ढकलला गेला होता. २००९ मध्ये जोनाथन गाइसलर आणि जेसिका थिओडोर यांनी डीएनए आणि हाडं एकत्र घेऊन विश्लेषण केलं, तेव्हा इंडोहायस देवमाशाच्या शेजारी आणि जिवंत प्राण्यांत पाणघोडा सर्वांत जवळ, असं दोन्ही एकदम बसलं. २०१५ मध्ये केनियातल्या २ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या एका जीवाश्मानं पाणघोड्याची मुळं अँथ्राकोथेर या जुन्या समखुरी कुळात असल्याला बळ दिलं. मेसोनिकिड देवमाशाच्या वंशातून बाहेर पडले ते पडलेच.

वेगळं काय करता आलं असतं

माझं मत असं की सर्वांत मोठं नुकसान बंद पडून राहिलेल्या संग्रहानं केलं. राव यांच्यावर याचा ठपका ठेवणं चूक होईल. दगडातून हाड काढायला महिनोन्‌महिने लागतात, कुशल हात लागतात, आणि ते देणारी व्यवस्था त्यांच्यामागे नव्हती. पण संग्रहाची यादी कुठल्या संस्थेत असती, कालाकोटच्या थरात दातांशिवाय कवट्या आणि पायही आहेत एवढं जरी नोंदवलेलं असतं, तरी नव्वदच्या दशकातल्या वादात ते कोणीतरी मागून घेतले असते. ‘मधले जीवाश्म सापडत नाहीत’ असं जे सर्रास म्हटलं जातं, त्यातले काही सापडलेलेच असतात. कपाटात, पेटीत, कोणाच्या तरी अंगणात.

दुसरं, दातांवरचा भर. मानवी उत्क्रांतीतही हीच गफलत झाली होती. आधी मेंदू मोठा झाला आणि मग बाकीचं बदललं, अशी ठाम समजूत असल्यामुळे १९१२ सालचं इंग्लंडमधल्या पिल्टडाउनचं, माणसाची कवटी आणि वानराचा जबडा जोडून केलेलं बनावट डोकं चाळीस वर्षं खपलं आणि रेमंड डार्टनं १९२५ मध्ये मांडलेल्या दक्षिण आफ्रिकेतल्या टाउंगच्या छोट्या मेंदूच्या मुलाच्या जीवाश्माला बराच काळ बाजूला ठेवलं गेलं. १९७४ मध्ये इथिओपियात मिळालेल्या लूसी या सांगाड्यानं ३२ लाख वर्षांपूर्वीच लहान मेंदूचा प्राणी दोन पायांवर चालत होता हे दाखवलं. सगळं शरीर एकाच वेगानं बदलत नाही. देवमाशात आधी कान आणि हाडांचं वजन बदललं, नंतर दात, त्याहून नंतर पाय. माणसात आधी कंबर आणि पाय, कवटी फार नंतर. शाळेत मधल्या रूपाचं चित्र काढताना प्रत्येक अवयव अर्धा अर्धा काढला जातो, ते थांबवायला हवं. इंडोहायसचं चित्र काढलं तर बाहेरून ते चक्क हरीणच दिसेल.

तिसरं, बातमी देताना पूर्वज आणि नातलग यांतला फरक सांगायला दोन ओळी पुरतात. त्या गाळल्यामुळे २००९च्या दुरुस्तीला काही जणांनी ‘उत्क्रांतीचा दावा कोसळला’ असं वळण दिलं, आणि कोसळलं काहीच नव्हतं.

अजून एक पोकळी आहे. देवमासा आणि पाणघोडा यांच्या वाटा वेगळ्या झाल्या ते सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी, असं डीएनएचं गणित सांगतं, आणि त्या फाट्यावरचा प्राणी हाती आलेला नाही. तेवढे जुने समखुरी आपल्याकडे मिळाले आहेत, सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट (तपकिरी कोळसा) खाणीत: सशाएवढा, लांब पायांचा गुजरातिया हा त्यांतला एक. लिग्नाइटसाठी खोदलेल्या खाणीत थर उघडे असेपर्यंतच जीवाश्म वेचता येतात, पाणी भरलं किंवा माती ढकलली की संपलं. तिथून आलेल्या मालाची नोंद, कानाच्या वाटीपासून घोट्यापर्यंत, आत्ताच झालेली बरी.